पिनकोडापासून सुरुवात: मोठ्या पूर्ण संख्येचे गुणधर्म पायरीपायरीने कसे शोधावेत

एखादी सहा-सात अंकी संख्या समोर ठेवून ‘हिचे गुणधर्म सांगा’ असे कोणी म्हटले, तर नवख्या वाचकाची नजर आधी तिच्या अंकांवर जाते. अंकांची बेरीज किती, उलटीकडून वाचली तर काय होते, शून्ये किती आहेत, हे प्रश्न गमतीचे आहेत. पण संख्येचा खरा स्वभाव तिच्या मूळ अवयवांत असतो आणि अवयव सापडले की विभाजकांची संख्या, त्यांची बेरीज, तिचे वर्गीकरण या बहुतेक गोष्टी थोड्या गुणाकारांत मिळतात. म्हणून या लेखात अवयवांचे काम आधी घेतले आहे आणि अंकांचे खेळ जवळजवळ शेवटी ठेवले आहेत.

उदाहरणासाठी ४००६०१ ही संख्या घेऊ. ठाण्याच्या मुख्य टपाल कार्यालयाचा हा पिनकोड आहे. पिनकोडाची पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि तिच्यात पहिला अंक विभाग, तर शेवटचे तीन अंक वाटप करणारे कार्यालय दाखवतात. टपाल खात्याला या संख्येच्या अवयवांशी अर्थातच काही देणेघेणे नाही. तरीही सरावासाठी ती सोयीची आहे, कारण ती तोंडी तपासण्याइतकी लहान नाही, हाताने तपासता येणार नाही इतकी मोठीही नाही आणि तिच्या आजूबाजूच्या संख्या ठाणेकरांच्या ओळखीच्या आहेत. लागणारे साहित्य म्हणजे वही, पेन्सिल आणि साधा कॅल्क्युलेटर.

पहिली पायरी: मर्यादा ठरवा

भागाकार करत सुटण्यापूर्वी कुठे थांबायचे ते ठरवावे. एखादी संख्या दोन संख्यांचा गुणाकार असेल, तर त्या दोघींपैकी निदान एक तिच्या वर्गमुळाएवढी किंवा त्याहून लहान असलीच पाहिजे, कारण दोन्ही वर्गमुळापेक्षा मोठ्या असत्या तर गुणाकार मूळ संख्येच्या पुढे गेला असता. आता ६३२ चा वर्ग ३,९९,४२४ आणि ६३३ चा वर्ग ४,००,६८९ आहे, म्हणजे ४००६०१ चे वर्गमूळ या दोहोंच्या मधे येते. त्यामुळे ६३२ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग देऊन पाहणे पुरेसे आहे. एखाद्या संयुक्त संख्येने भाग जात असेल, तर तिच्या मूळ अवयवाने तो आधीच गेलेला असतो, म्हणून संयुक्त भाजक वगळावेत.

इरॅटोस्थेनिसच्या चाळणीने (प्रत्येक मूळ संख्येच्या पुढच्या पटी खोडत जाण्याच्या रीतीने) १ ते ६३२ मधील मूळ संख्या काढल्या तर त्या ११५ भरतात. चाळणी एकदा वहीत नीट करून ठेवावी. ती पुढे अनेक संख्यांना उपयोगी पडते.

दुसरी पायरी: लहान भाजक कसोट्यांनी उडवा

२ आणि ५ साठी शेवटचा अंक पाहावा. तो १ आहे, तेव्हा दोन्ही बाद. ३ साठी अंकांची बेरीज ४ + ६ + १ = ११, म्हणून ३ बाद.

७, ११ आणि १३ यांच्यासाठी शाळेत तीन वेगळ्या कसोट्या शिकवल्या जातात, त्यांपैकी ७ ची बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. त्याऐवजी ७ × ११ × १३ = १००१ ही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडावेत आणि ते आलटून पालटून अधिक-उणे करावेत; जे उरेल त्याला या तिघांनी भाग दिल्यावर येणारी बाकी मूळ संख्येच्या बाकीइतकीच असते. आपल्या संख्येत ६०१ − ४०० = २०१. या २०१ ला ७ ने भागल्यास बाकी ५, ११ ने भागल्यास ३ आणि १३ ने भागल्यास ६ उरते, म्हणजे तिन्ही भाजक एकाच वजाबाकीत निकालात निघाले. ठाणे पूर्वेचा, म्हणजे कोपरीचा ४००६०३ घेतला तर ६०३ − ४०० = २०३ येते आणि २०३ = ७ × २९ असल्यामुळे ४००६०३ ला ७ ने भाग जातो, हे कॅल्क्युलेटर न उघडताच कळते.

हेच गट अधिक-उणे करण्याऐवजी नुसते मिळवले तर ३७ ची कसोटी होते, कारण ९९९ = २७ × ३७. येथे ४०० + ६०१ = १००१ आणि १००१ ला ३७ ने भागल्यास बाकी २. तेव्हा ३७ देखील बाद.

तिसरी पायरी: उरलेले भागाकार, आणि बाक्या नोंदवण्याची सवय

यापुढे मात्र कष्टाला पर्याय नाही. प्रत्येक मूळ संख्येने भाग द्यावा आणि बाकी वहीत लिहावी. कॅल्क्युलेटरवर बाकी थेट दिसत नाही, म्हणून रीत अशी: ४००६०१ ÷ ५३ केल्यावर ७५५८.५०९… दिसते; दशांशचिन्हापुढचा भाग सोडून ७५५८ × ५३ = ४,००,५७४ करावे आणि ते मूळ संख्येतून वजा करावे. बाकी २७. भाग जात नाही इतके कळणे पुरेसे नाही का, असे वाटेल; पण बाकी लिहून ठेवण्याचा फायदा पुढच्या परिच्छेदात दिसेल आणि त्यासाठी ही जास्तीची वजाबाकी करणे माझ्या मते अगदी योग्य आहे.

११५ मूळ संख्यांपैकी एकीनेही ४००६०१ ला निःशेष भाग जात नाही. म्हणजे ठाण्याचा हा पिनकोड मूळ संख्या आहे.

आता बाक्यांचा रकाना पाहा. १७९ आणि ३७३ या दोन भाजकांची बाकी भाजकापेक्षा फक्त १ ने कमी आहे, म्हणजे संख्या १ ने मोठी असती तर दोघांनीही भाग गेला असता. ती संख्या म्हणजे नौपाड्याचा ४००६०२, आणि खरोखरच ४००६०२ = २ × ३ × १७९ × ३७३. त्याचप्रमाणे १५१ आणि ३७९ यांची बाकी भाजकापेक्षा २ ने कमी आहे; त्यावरून ४००६०३ = ७ × १५१ × ३७९ हे आयते हाती लागते. ३७ आणि ४०१ या दोहोंची बाकी २ आहे, म्हणून दोन घरे मागच्या ४००५९९ ला त्यांनी भाग जातो: ४००५९९ = २७ × ३७ × ४०१. एका संख्येसाठी केलेली मेहनत शेजारच्या संख्यांचे अवयवही देते, पण बाक्या पुसून टाकल्या तर हे काही मिळत नाही.

याच रकान्यावरून खाडीपलीकडच्या वाशीचा ४००७०३ तपासता येतो. तो ४००६०१ पेक्षा १०२ ने मोठा आहे, तेव्हा प्रत्येक जुन्या बाकीत १०२ मिळवायचे आणि आलेल्या बेरजेला त्या भाजकाने भाग जातो का एवढेच पाहायचे. उदाहरणार्थ १९७ ची जुनी बाकी १००; १०० + १०२ = २०२, त्यातून १९७ गेले की ५ उरतात, म्हणजे भाग जात नाही. ४९९ ची जुनी बाकी ४०३; बेरीज ५०५, नवी बाकी ६. या संख्येचे वर्गमूळ ६३३ च्या किंचित पुढे आहे, परंतु ६३३ = ३ × २११ ही संयुक्त असल्यामुळे यादीत नवा भाजक येत नाही. संपूर्ण रकाना उतरून गेल्यावर कळते की ४००७०३ सुद्धा मूळ संख्या आहे. सहा अंकी बेरजा करण्याऐवजी तीन अंकी बेरजांवर काम भागते आणि सराव झालेला विद्यार्थी ते एका बैठकीत उरकतो.

दोन्ही मूळ संख्यांना जोडमूळ जोडीदार (२ च्या अंतरावरची दुसरी मूळ संख्या) मात्र नाहीत. ४००६०१ च्या दोन्ही बाजूंच्या विषम संख्यांचे अवयव वर आलेच आहेत, तर ४००७०१ ला ३ ने आणि ४००७०५ ला ५ ने भाग जातो.

चौथी पायरी: ४ ने भागून मूळ संख्येची जात ओळखा

२ सोडून सर्व मूळ संख्यांचे दोन वर्ग पडतात: ४ ने भागल्यावर बाकी १ उरणाऱ्या आणि बाकी ३ उरणाऱ्या. यासाठी शेवटचे दोन अंक पाहिले की झाले. ठाण्याच्या संख्येत ते ०१ आहेत, बाकी १. वाशीच्या संख्येत ०३ आहेत, बाकी ३. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या फरकाचे परिणाम मोठे आहेत. कोणत्याही पूर्ण संख्येच्या वर्गाला ४ ने भागल्यास बाकी ० किंवा १ च येते, त्यामुळे दोन वर्गांच्या बेरजेची बाकी ३ कधीच येऊ शकत नाही; म्हणून ४००७०३ ही दोन वर्गांची बेरीज असणे अशक्य आहे. याउलट बाकी १ असलेली प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात लिहिता येते, तीही एकाच प्रकारे. हे विधान फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४० मध्ये केले आणि त्याची सिद्धता पुढच्या शतकात ऑयलर या स्विस गणितज्ञाने दिली.

प्रमेय ‘आहे’ म्हणते. ते दोन वर्ग शोधायचे काम आपले. शोध अंदाधुंद करू नये. ४००६०१ चा शेवटचा अंक १ आहे आणि वर्गांचे शेवटचे अंक ०, १, ४, ५, ६, ९ एवढेच असतात. दोघांच्या बेरजेत एककस्थानी १ हवा असेल तर ० व १ किंवा ५ व ६ या जोड्याच उरतात, म्हणजे दोहोंपैकी एक संख्या ५ ची पट असली पाहिजे. ३ ने भागल्यास आपल्या संख्येची बाकी २ येते, त्यामुळे दोघींपैकी एकही ३ ची पट नसावी. बेरीज विषम असल्यामुळे एक संख्या सम आणि एक विषम आहे, आणि ८ ने भागल्यावर संख्येची बाकी १ येत असल्यामुळे सम संख्या ४ ची पट आहे. एवढ्या अटींनंतर ५ च्या विषम पटींमधील ४२ आणि २० च्या पटींमधील २१, असे एकूण ६३ उमेदवार शिल्लक राहतात. ५ च्या विषम पटी चढत्या क्रमाने तपासू लागले की चोविसाव्या उमेदवारावर उत्तर मिळते:

३५५² = १,२६,०२५
४,००,६०१ − १,२६,०२५ = २,७४,५७६ = ५२४²

म्हणजे ४००६०१ = ३५५² + ५२४².

हे उत्तर तिसऱ्या पायरीच्या आधी मिळवले असते तर तेथील काम निम्म्यावर आले असते. दोन सहमूळ (१ शिवाय सामाईक विभाजक नसलेल्या) संख्यांच्या वर्गांची बेरीज विषम असेल, तर तिचा प्रत्येक मूळ अवयव ४ ने भागल्यावर बाकी १ उरणाराच असतो. ३५५ आणि ५२४ सहमूळ आहेत, तेव्हा ७, ११, १९, २३ अशा भाजकांचा प्रश्नच उद्भवत नाही आणि ११५ ऐवजी ५४ भाजक तपासले की पुरते. शोधातले चोवीस प्रयत्न अधिक हे चौपन्न भागाकार म्हणजे अठ्ठ्याहत्तर. मात्र शोध २० च्या पटींपासून सुरू केला असता तर आणखी एकवीस प्रयत्न वाया गेले असते, म्हणून नवख्याने सरळ भागाकाराचा मार्गच आधी धरावा असे मी सुचवीन.

पाचवी पायरी: विभाजक मोजा आणि वर्गीकरण करा

मूळ संख्येला दोनच विभाजक, त्यामुळे ४००६०१ बाबत या पायरीवर करण्यासारखे काही नाही. शेजारच्या संयुक्त संख्या घेऊ. वागळे इस्टेटचा ४००६०४ = २² × १००१५१, आणि १००१५१ ही मूळ संख्या आहे. विभाजकांची संख्या काढण्यासाठी प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करावा: (२ + १) × (१ + १) = ६. ते सहा म्हणजे १, २, ४, १००१५१, २००३०२ आणि ४००६०४. संख्या स्वतः सोडून उरलेल्या पाचांची बेरीज ३,००,४६० भरते, जी संख्येपेक्षा कमी आहे, म्हणून ही न्यून संख्या.

नौपाड्याच्या ४००६०२ ला चार वेगवेगळे मूळ अवयव असल्यामुळे २ × २ × २ × २ = १६ विभाजक आहेत. सर्व विभाजकांची बेरीज (१ + २)(१ + ३)(१ + १७९)(१ + ३७३) = ३ × ४ × १८० × ३७४ = ८,०७,८४०; त्यातून ती संख्या वजा केली की ४,०७,२३८ उरतात. बेरीज संख्येपेक्षा ६,६३६ ने जास्त आहे, म्हणून ही विपुल संख्या. खरे तर एवढा हिशेब न करताही हे सांगता आले असते: ६ च्या पटीत असलेल्या संख्येचा अर्धा, तिसरा आणि सहावा हिस्सा मिळून ती संख्या पुरी होते, आणि १ हा विभाजक वर उरतोच, तेव्हा ६ पेक्षा मोठी ६ ची प्रत्येक पट विपुल असते. बेलापूरचा ४००६१४ याच नियमाने विपुल ठरतो.

परिपूर्ण संख्या, म्हणजे स्वतः सोडून उरलेल्या विभाजकांची बेरीज जिच्याइतकीच भरते ती, सहा अंकांत शोधत बसू नये. ८१२८ नंतरची परिपूर्ण संख्या एकदम ३,३५,५०,३३६ आहे.

सहावी पायरी: अंकांवर आधारलेले गुणधर्म

हे गुणधर्म दशमान लेखनावर अवलंबून असतात. तीच संख्या द्विमान पद्धतीत लिहिली (११००००१११००११०११००१) की त्यांतले बहुतेक बदलतात किंवा नाहीसे होतात. तरीही आपल्या भागात त्यांना वगळणे बरे दिसणार नाही, कारण या क्षेत्रातले सर्वांत मोठे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचे आहे. १९०५ मध्ये त्यांचा जन्म तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणूत झाला, शालेय शिक्षण ठाण्यात झाले, पुढे देवळालीच्या शाळेत त्यांनी निवृत्तीपर्यंत शिकवले आणि आपल्या एका संख्यासमूहाला त्यांनी चक्क डोंबिवली स्थानकाच्या नावावरून ‘डेम्लो’ म्हटले.

त्यांच्या दोन कल्पना येथे लावून पाहाव्यात. अंकांच्या बेरजेने जिला भाग जातो ती हर्षद संख्या. एकाहून जास्त अंकांची मूळ संख्या हर्षद असू शकत नाही, हे उघड आहे; पण कळव्याच्या ४००६०५ ची अंकबेरीज १५ आहे आणि ४००६०५ = १५ × २६७०७, म्हणून ती हर्षद. दुसरी कल्पना स्वयंभू संख्येची: कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही ती स्वयंभू. ४००६०१ स्वयंभू नाही, कारण ४००५८२ ची अंकबेरीज १९ असून ४००५८२ + १९ = ४००६०१. हीच क्रिया पुढे चालू ठेवली तर ४००६०१ + ११ = ४००६१२ येते, आणि तो मुंब्र्याचा पिनकोड आहे. यात योगायोगापलीकडे काही नाही, परंतु वर्गात सांगायला हे उदाहरण छान आहे.

सातवी पायरी: खरोखर मोठी संख्या

१,६०,५२,२०,२२,५०३ ही बारा अंकी संख्या घ्या. तिचे वर्गमूळ चार लाखांच्या पुढे आहे, म्हणजे सरळ भागाकाराने जायचे तर ३३ हजारांहून अधिक मूळ संख्या तपासाव्या लागतील. अशा वेळी फर्माची दुसरी एक युक्ती करून पाहावी: वर्गमुळाच्या लगेच पुढची पूर्ण संख्या घ्यावी, तिच्या वर्गातून दिलेली संख्या वजा करावी आणि बाकी पूर्ण वर्ग आहे का ते पाहावे, नसेल तर पुढची पूर्ण संख्या घ्यावी.

येथे पुढची पूर्ण संख्या ४००६५२ आहे.
४००६५२² = १,६०,५२,२०,२५,१०४
यातून दिलेली संख्या वजा केल्यास २६०१ = ५१²

पहिल्याच प्रयत्नात पूर्ण वर्ग मिळाला. दोन वर्गांच्या वजाबाकीचे सूत्र लावल्यास अवयव (४००६५२ − ५१) आणि (४००६५२ + ५१), म्हणजे ४००६०१ आणि ४००७०३: ठाणे आणि वाशी. दोन्ही मूळ असल्यामुळे पुढे अवयव पडत नाहीत, विभाजक चारच आहेत. शिवाय यांतली वाशीची संख्या ४ ने भागल्यावर बाकी ३ उरणारी असल्यामुळे हा गुणाकार दोन वर्गांची बेरीज होऊ शकत नाही.

संगणकावरील तक्त्यात अशी गणिते करताना एक पथ्य पाळावे. एक्सेलसारखे तक्ते साधारण १५ अंकांपर्यंतच संख्या अचूक धरतात आणि त्यापुढचे अंक शून्य करून टाकतात, त्यामुळे सोळा अंकी संख्येची बाकी तेथे विश्वासार्ह नसते. लिनक्स वापरणाऱ्यांनी ‘फॅक्टर’ ही आज्ञा पडताळणीसाठी वापरावी. एखादी संख्या मूळ आहे की नाही एवढेच जाणून घ्यायचे असेल, तर अवयव न पाडताही ते वेगाने ठरवता येते. त्याची निःसंदिग्ध आणि तत्त्वतः जलद अशी पद्धत आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये दिली. अवयव पाडणे मात्र अजूनही अवघडच आहे आणि सांकेतिक संदेशांची आरएसए पद्धत त्याच अवघडपणावर उभी आहे.

फर्माची युक्ती इतकी पटकन लागू पडली, कारण दोन अवयवांत केवळ १०२ चे अंतर होते; याच कारणासाठी आरएसएच्या मानकांत दोन मूळ संख्या एकमेकींच्या फार जवळ नसाव्यात अशी अट असते. आता सरावासाठी ४००६०१ ला वागळे इस्टेटच्या पोटातल्या १००१५१ ने गुणून येणारी ४०,१२,०५,९०,७५१ ही संख्या घ्या. तिचे वर्गमूळ २००३०१ च्या थोडे पुढे आहे, तर अवयवांची सरासरी २५०३७६ आहे, म्हणून फर्माच्या युक्तीला २००३०२ पासून तिथपर्यंत ५०,०७५ प्रयत्न करावे लागतात. सरळ भागाकाराने मात्र साधारण ९,६०० मूळ संख्या तपासल्यावर १००१५१ सापडते.